फुगा फुटला नाही

२ जून
नाही, मी रडलो नाही. डोळ्यात साबण गेला. अंघोळ केली नव्हती हे खरं, पण साबण काय, कुठूनही जातो. डाव्या हाताने लिहितोय म्हणून अक्षर कोंबडीचे पाय. झटका आल्यापासून उजवा हात जरा रुसलाय, एवढंच. उभा जन्म लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवला, कोणाला ओरखडा नाही. पुढच्या एक तारखेला दुकानात. फायनल.

५ जून
व्यायामवाली बाई आली. स्पंजचा चेंडू दिला, उजव्या हाताने दाबा म्हणे. मी काय पाळण्यात आहे? ती गेल्यावर डाव्याने दाबला. डाव्यात ताकद आली की उजव्यात उतरणारच, रक्त एकच आहे. चेंडू चेपलेला बघून आमची ही खूश. म्हणाली, मन लावून करताय. मी खोटं बोललो नाही. गप्प बसलो.

९ जून
व्यायाम बंद. हवा बरोबर नाही. डॉक्टर म्हणाले, मन उदास आहे, गोळी घ्या, आणि हाताचं आत्ता केलं नाहीत तर पुढे जड जाईल. उदास कसला? भिंतीकडे तोंड करून पडतो कारण खिडकीतून उजेड येतो. हिने पडदा लावून दिला. तरी भिंतच बरी. गोळी गालात धरतो, मग कुंडीत. रोप टवटवीत आहे.

१७ जून
मधले दिवस उठलोच नाही. रेस्ट.
पोरगी आली. दुकान आता तीच बघते, माझ्याच हाताखाली शिकली. विचारत होती, एक तारखेपासून तुमच्या खुर्चीवर दुसरा कारागीर घेऊ का. मी ओरडलो. जीभ अडखळली, पण तिला कळलं. म्हटलं, वस्तरा आण, दाखवतो.
ती म्हणाली, "आधी फुगा, बाबा. तुमचाच नियम."
माझाच. फुग्यावरचा फेस फुगा न फोडता काढायचा, मगच माणसाच्या गालाला हात. तिचा फुगा फुटला की टपली द्यायचो.
म्हटलं, रविवारी आण. तोपर्यंत उजव्याला पूर्ण आराम. ऐनवेळी ताजा हवा.

२० जून, रविवार
फुगा खुर्चीच्या पाठीला बांधला. पोरीने फेस लावला. पातळ, बरोब्बर. वस्तरा माझ्या उजव्या मुठीत ठेवला, बोटं तिनेच मिटली. ही दारात उभी. हाताला सांगितलं, चल. परत सांगितलं. खांदा वर गेला, हात तिथेच. वस्तरा सटकला, फरशीवर वाजला.
टपली मिळाली असती तर बरं वाटलं असतं.
फुगा फुटला नाही, म्हणजे नियमाने मी पास. तसं म्हटलं तिला. हसली नाही.
"बाबा, चेंडू कुठल्या हाताने दाबत होतात?"
मी भिंतीकडे वळलो.

२१ जून
खुर्चीवर दुसरा घे म्हणून सांगितलं. मी आलो की त्याने बाजूला व्हायचं.
गोळी गिळली. कडू आहे, रोपाला कशी चालली कोण जाणे.
चेंडू उजव्या हातात आहे. दाबला जात नाही, नुसता धरलाय. सारखा पडतो. ही वाकून उचलते, परत हातात देते. एक शब्द बोलत नाही.
मीही यावर काही बोलणार नाही. बास.