पूल कोणाच्या ताब्यात

९ सप्टेंबर

आज नदीत उतरले. पाणी गुडघ्याच्या वर, चपला काठावर. काकांनी मधल्या खांबाच्या पायाखाली काठी सारली – हातभर आत गेली आणि कशालाच टेकली नाही. मी स्वतः घालून पाहिली. तसंच.

काका म्हणजे आमचे मैलकुली. तीस वर्षं या भागातले खड्डे भरतात, मोऱ्या साफ करतात. पुलापलीकडच्या वाडीत राहतात, नवरा-बायको दोघंच. परवा ऑफिसात येऊन म्हणाले होते, "बाई, पुलाचा आवाज बदललाय. ट्रॅक्टर गेला की खालून काहीतरी उत्तर येतं." मी हसले होते.

खांबाला चीर आहे. करंगळी आत जाते. मागच्या पुरांनी खालची वाळू नेली असणार. एका वर्षाचं काम नाही हे.

१० सप्टेंबर

साहेबांना फोटो दाखवले. सगळे नीट पाहिले त्यांनी. मग म्हणाले, "पण पूल आपला आहे का?"

मोठे रस्ते आमच्या खात्याकडे, गावांचे रस्ते दुसऱ्या खात्याकडे. मधल्या काळात त्यांचे काही रस्ते आमच्याकडे यायचे होते. त्यातले किती आले, किती राहिले, कोणालाच धड सांगता येत नाही. माझ्या माहितीप्रमाणे हा राहिलेला. तिकडच्या इंजिनिअरला फोन केला. तो म्हणे, "मॅडम, तो तुमच्याकडे गेला." म्हटलं, कागद दाखवा. तो म्हणाला, "आमचं रेकॉर्ड तळमजल्यावर होतं, पाण्यात गेलं. तुम्हीच दाखवा."

पूल बांधला तेव्हा कोनशिलेवर नावं मावली नव्हती. आता एक नाव सापडेना.

१२ सप्टेंबर

दोन्हीकडे पत्रं देऊन झाली. उत्तर नाही.

सकाळी काठावर उभी होते. शाळेची बस गेली. मागच्या खिडकीतून एका मुलीने मला हात केला. बस पलीकडे टेकेपर्यंत मी श्वास घेतला नाही.

घरी सांगितलं, उद्या बंद करते. हे म्हणाले, "आदेश नसताना?" म्हटलं, आदेश कोण देणार तेच ठरत नाही. "मग नोटीस येईल तुला." येऊ दे म्हटलं. रात्री यांनी माझे गमबूट धुऊन दाराशी ठेवले.

१३ सप्टेंबर

पूल बंद केला. दोन्ही तोंडांना दगड रचले. रस्ता-कामगारांच्या गँगमधले दोघे आले नाहीत, म्हणून काकांनी जवळजवळ एकट्याने रचले. पायी माणसाने एकेकटं जावं, वाहन नाही – असं मी पत्र्यावर रंगाने लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

आता वाडीपासून तालुक्याला सव्वीस किलोमीटरचा वळसा. दूधवाला खूप बोलला. "तुम्हाला काय, जीपमधून यायचं नि दगड टाकून जायचं." त्याचं खोटं नाही. काका त्याला म्हणाले, "बाईंनी पाण्यात उतरून बघितलंय. तू उतरलास का?"

१९ सप्टेंबर

रोज फोन. दोनदा कोणीतरी दगड ढकलले, दोन्ही वेळा काकांनी परत लावले. वाडीत त्यांच्याशी कोणी नीट बोलत नाही म्हणे. नोटीसही आली – कोणाच्या अधिकारात वाहतूक थांबवली, एकवीस दिवसांत खुलासा करावा.

थांबवायला अधिकार लागतो. चालू ठेवायला कोणाला लागला नाही.

२४ सप्टेंबर

काकांची बायको गेली.

दुपारी भांडी घासताना छातीत कळ आली. आरोग्य केंद्राची ॲम्ब्युलन्स वाडीच्याच बाजूला असते, ती लगेच आली. काकूंना आत घेतलं, काका शेजारी बसले. ड्रायव्हरने गाडी सरळ पुलाशी आणली. म्हणाला, "दगड काढू, काका. एकदाच. मोठं हॉस्पिटल पलीकडे दहा मिनिटांवर आहे."

काका नाही म्हणाले.

हे मला ड्रायव्हरनेच सांगितलं, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात. तरुण आहे, रडत होता. "मी खाली उतरलो होतो, मॅडम. पहिल्या दगडाला हात घातला होता. काकांनी माझा हात धरला. म्हणाले, आत तू आहेस, नर्सबाई आहे. पूल बंद आहे."

उचलून पलीकडे नेलं असतं तरी तिकडे गाडी नव्हती. वळशावर अठराव्या किलोमीटरला त्या गेल्या.

२५ सप्टेंबर

काही लिहवत नाही.

२७ सप्टेंबर

काकांकडे जाऊन आले. चालत, पुलावरून.

एकच खोली. चुलीशेजारी भांडी पालथी घातलेली, त्या दिवशीचीच असावीत. खुंटीवर काकूंचं लुगडं. काकांनी मला बसायला खाट दिली आणि स्वतः खाली बसले. मीही खाली बसले.

काकाच आधी म्हणाले, "मी बरोबर केलं ना, बाई?"

म्हटलं, हो.

"नाही, वाडीतले म्हणतात एक गाडी गेली असती तर काय बिघडलं असतं."

म्हटलं, काका, तो खांब एका गाडीचा भरवसा द्यायच्या लायकीचा नाही.

"मग झालं," म्हणाले. मग खुंटीकडे बघत म्हणाले, "तिला कळत होतं सगळं. गाडी वळली तेव्हा माझ्याकडे बघत होती."

निघताना दारापर्यंत आले. म्हणाले, "पण हा पूल दुरुस्त करायचा कोणी होता, बाई? तेवढं एक मला कळायला पाहिजे."

म्हटलं, शोधून काढते. रागाने म्हटलं. माझ्या डोळ्यांपुढे तो दुसऱ्या खात्याचा इंजिनिअर होता.

१ ऑक्टोबर

वरून मोठे इंजिनिअर येऊन गेले, उपकरणं वगैरे घेऊन. म्हणाले, बंद केलात ते योग्यच, आणखी महिनाभर वाहतूक चालली असती तर सांगता येत नव्हतं. खुलासा मिळाला की नोटीस मागे घेतील. साहेब लगेच गोड झाले. "आता एक फर्मास खुलासा लिहा. पूल आपल्या ताब्यात नव्हता, जबाबदारी त्यांची, मृत्यूही त्यांच्याच माथी. जुने कागद जोडा."

लिहायला घेतला. इतक्या जोरात लिहिला की पेनची खूण मागच्या पानावर उमटली.

३ ऑक्टोबर

खुलाशाला जोडायला हस्तांतराची फाईल काढली. कपाटात वरच्या खणात होती, माझ्याच कपाटात. हा रस्ता तिकडेच राहिलाय या खात्रीने मी ती आधी उघडलीच नव्हती.

चार वर्षांपूर्वीची यादी. एकूण चाळीस रस्ते. एकतिसावा – वाडीचा रस्ता, पुलासह. खाली वाक्य: "वरील सर्व कामांची प्रत्यक्ष पाहणी करून ताब्यात घेतली." त्याखाली सही.

माझी.

आता सगळं आठवतंय. शुक्रवारची दुपार होती. तिकडचा कारकून यादी घेऊन आला होता, त्याला बस गाठायची होती. मी नव्यानेच इथे बदलून आले होते. पानं उलटली आणि सही केली. पाहणीला एकाही रस्त्यावर गेले नव्हते. गेले असते तर तेव्हा चीर दिसली नसती कदाचित, पण वाळू सरकताना दिसली असती. ट्रकभर दगड टाकून काम भागलं असतं. पूल बंद करायची वेळच आली नसती.

चार वर्षं माझ्या पुलावर मी एकदाही उभी राहिले नाही.

४ ऑक्टोबर

साहेबांना दाखवलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"हे कोणी पाहिलंय?"

म्हटलं, मी. आता तुम्ही.

"त्यांच्याकडची प्रत भिजली. म्हणजे ही एकच." यादी त्यांनी घडी घालून माझ्या हातात दिली. माणूस वाईट नाही. त्यांनीही अशा सह्या केल्या असतील. म्हणाले, "बाई, नोकरीची दहा वर्षं राहिलीत तुमची. त्या माणसाला कागद दाखवून त्याची बायको परत येणार आहे का? जिथे होता तिथे ठेवा."

घरी यांना सांगितलं. सगळं. हे नको म्हणाले नाहीत. कर, असंही म्हणाले नाहीत.

५ ऑक्टोबर

खुलासा फाडला. नवा लिहिला. साडेचार ओळी झाल्या.

६ ऑक्टोबर

सकाळी खुलासा दिला, यादी जोडून. आवक कारकुनाने शिक्का मारला, आत काय आहे ते पाहिलंही नाही.

दुपारी यादीची नक्कल घेऊन वाडीत गेले. काका ओट्यावर होते. म्हटलं, तुम्ही विचारलं होतं ना, कोणी दुरुस्त करायचा होता. हा कागद.

त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, उलटसुलट पाहिला आणि मला परत दिला. "मला कुठं वाचता येतं, बाई. तुम्हीच वाचा."

मी वाचला. पहिल्या ओळीपासून. शेवटी नाव आलं, तेही वाचलं.