माझ्या तक्रारीचा वारस

पुतण्याने परवा माझ्या उशाशी सफरचंद कापत सांगितले, "आत्या, तुझ्यामागे ती तक्रार माझ्याकडेच येणार. मी मागे घेईन. घरातल्या घरात भांडण कशाला?" म्हणून हे मृत्युपत्र आजच करीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरीणबाईंनी तसे लिहून दिले आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. ज्याने आणून पाहिला, त्याचे सफरचंद मी खाल्ले.

१. राहते घर पुतण्याला. माझे आजारपण त्याने मनापासून काढले. न्हाणीघरातला नळ त्याने आता तरी बदलावा.

२. बँकेतील ठेव वहिनीला. तिने ती मुलाला न विचारता खर्च करावी.

३. साठवलेल्या कागदपत्रांतून हवा तो कागद शोधून देणारा माझा प्रोग्राम. पुतण्या नोकरीला आहे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कंपनीने तसाच स्वतःचा काढला. त्याला माझी हरकत नाही. पण तेव्हापासून त्यांच्या सिस्टिमवर माझा रखडू लागला. गिऱ्हाइके म्हणाली, बाईंचे वय झाले. मी माझ्या प्रोग्रामला कंपनीच्या प्रोग्रामचे नाव दिले, आत काहीही बदलले नाही, आणि तो पळू लागला. पुतण्याला दाखवले. हे सुरक्षिततेसाठी असते, असे तो म्हणाला. मग तोतयाला आत कसे घेतले, असे विचारताच त्याला फोन आला.

कंपनीविरुद्धची माझी तक्रार एवढीच आहे. सुनावणी व्हायची आहे.

प्रोग्राम आणि तक्रार, दोन्ही मी नक्कलरावांना देते. हे नाव मीच ठेवले आहे. त्यांनी माझा मेनू जसाच्या तसा उचलला आणि माझी निम्मी गिऱ्हाइके नेली. आम्ही एकमेकांशी बोलत नाही. त्यांचाही प्रोग्राम त्याच सिस्टिमवर रखडतो, त्यामुळे ते तक्रार मागे घेणार नाहीत.

४. माझी खुर्ची कोणीही घ्यावी. पाठीला चांगली नाही.

साक्षीदार: डॉक्टरीणबाई (सही), खालच्या मजल्यावरचे शिंपी (सही)
ठिकाण: माझी झोपायची खोली. मंगळवार, दुपार.
(सही)

सोपवल्याची नोंद: मूळ प्रोग्राम असलेला संगणक, पासवर्ड आणि तक्रारीचे अधिकारपत्र आजच नक्कलरावांना दिले. "शोध बरा आहे, मेनू जुना झालाय," असे ते म्हणाले. पुतण्या हजर होता. "आत्या, या माणसाला?" असे त्याने विचारले. मी म्हणाले, "हो. यांनी मला पळून हरवलं, पाय आडवा घालून नाही." संगणक जड असल्याने नक्कलरावांच्या गाडीपर्यंत पुतण्याने उचलून नेला.