मिलिंद पालथा, स्विच माझ्याकडं

१ डिसेंबर, सोमवार

मि. पालथा आहे. जेवताना पालथा, बोलताना पालथा, रुसतानासुद्धा पालथा. सोलापूरच्या डॉक्टरांनी डाव्या डोळ्याचा सुटलेला पडदा जागेवर बसवला आणि आत गॅसचा बुडबुडा सोडला. तो पडद्याला आतून दाबून धरणार, म्हणून तोंड सारखं जमिनीकडं. मान वर केली की बुडबुडा जागा सोडणार, आणि पडदा परत सुटला तर... डॉक्टरांनी वाक्य पूर्ण केलं नाही. मीही करत नाही. उजवा डोळा लहानपणीच विटीनं गेलेला, त्यातून उजेड आणि ठळक रंग एवढंच कळतं. म्हणजे जे काय आहे ते या एकाच डोळ्यात.

जुन्या साडीच्या दोन चुंबळी वळल्या. एक कपाळाखाली, एक हनुवटीखाली, मधे नाकाला वारा. मि. म्हणाला, "आता वर घागर ठेव म्हंजे झालं."

(तोंडावर अहो, वहीत मि. वहीला कोण विचारतंय.)

२ डिसेंबर, मंगळवार

गावाचं नेट बंद. ते आम्हीच पुरवतो. आम्ही सोलापुरात असताना विजेच्या डीपीवर काहीतरी बिघडलं, व्होल्टेज चढलं आणि बाहेरच्या खोलीतला नेटचा स्विच जळाला. बेंबळीतल्या आमच्या सगळ्या तारा त्या एका डब्यात येतात. शाळा, मेडिकल, विहार, घरं, सगळे एका झटक्यात गेले. सोबत यूपीएसपण. सकाळपासून फोन. "वहिनी, मिलिंदभाऊ कधी उठणार?" तब्येतीचं आधी विचारतात, पण घाईघाईनं.

मि.नं पडल्या पडल्या फोनवर नवा स्विच मागवला. धाराशिवचा एक ओळखीचा नेटवाला म्हणाला, मी येऊन लावून देतो. मि. भडकला. "माझं जाळं दुसरा येऊन बसवणार? डबा येऊ दे. धा मिन्टं उठतो न् लावून परत पडतो."

दहा मिनिटं! या माणसाची दहा मिनिटं मला लग्नापासून माहीत आहेत. एकदा दहा मिनिटांत येतो म्हणून गेला तो दुसऱ्या दिवशी जेवायला आला.

म्हणाले, मी लावते. तो हसला. पालथ्या माणसाचं हसू चुंबळीत जिरतं, पण पाठ हलते त्यावरून कळतं. हसण्यासारखंच आहे. माझं काम बिलं करणं, फोन घेणं, उरलेल्या वेळात ब्लाऊज शिवणं. स्विचला कधी हात लावलेला नाही. पण तो उठला तर डोळा जाईल. त्यापुढं स्विच काय चीज आहे.

३ डिसेंबर, बुधवार

डबा आला. तारा जशा होत्या तशा खोचल्या (जुन्यावर त्यानं चिकटपट्ट्या लावलेल्या, देव त्याचं भलं करो म्हणणार होते, पण आमच्यात देव नाही, तेव्हा माझ्याकडूनच).

बैठक अशी: तो कॉटवर पालथा, मी खाली जमिनीवर पाठ टेकून, मांडीवर लॅपटॉप. त्याचा आवाज सरळ माझ्या टाळूवर पडतो.

"आधी लॅपटॉपला हातानं पत्ता दे. स्विचच्याच गल्लीतला. पण घर नंबर त्याचा न्हाय द्यायचा, आपला येगळा."

दिला. मग ब्राउझरमध्ये स्विचचा पत्ता टाकला आणि पान उघडलं. मला वाटलं होतं यंत्राच्या आत काहीतरी भयंकर असेल. तर आपलं एक साधं पान. डावीकडं यादी, वर स्विचचं चित्र, त्यात तारा खोचायची भोकं, म्हणजे पोर्ट. ज्यात जीव आहे ते हिरवे.

पासवर्ड बदला म्हणालं. बदलला.

"काय ठेवलास?"

"सांगणार नाही."

"अगं मालक म्या हाय!"

"मालक पालथा आहे. सांगितला तर उठाल."

थेंब घालायची वेळ होईपर्यंत फुगून होता. उजव्या डोळ्यानं त्याला खालची फरशी आणि माझा पदर तेवढा रंगानं कळतो. थेंब घालताना म्हणाला, "आज हिरवी नेसलीस व्हय." उद्यापासून ठळक रंगच नेसायचे.

४ डिसेंबर, गुरुवार

आज खरं काम. पोर्टांना नावं द्यायची आणि व्हीलॅन पाडायचे. म्हणजे एका घरात वेगळ्या चुली मांडायच्या. शाळेचं शाळेला, मेडिकलचं मेडिकलला, एकाकडं काही बिघडलं तर दुसऱ्याचं अडू नये.

"डाव्या हाताला तिसरं. दाब. त्यात व्हीलॅन."

तिसरं भलतंच निघालं. कंपनी वेगळी, पान वेगळं. त्याच्या डोक्यात जुन्या स्विचचं पान. सांगणारच होते. तेवढ्यात पाहिलं, त्याचा हात कॉटखाली लोंबत होता आणि हवेत माऊस फिरवल्यासारखा फिरत होता. आवाजात इतक्या दिवसांनी जोर. मी म्हणाले, "हं, सापडलं."

"आता खाली उजवीकडं ॲड."

"हं." (वर होतं.)

दुपारभर हेच. तो एक सांगतोय, मी दुसरीकडं शोधतेय आणि हं म्हणतेय. संध्याकाळी नेट आलं. मेडिकलवाल्या काकांचा फोन, "वहिनी, आलं बघा!" मि. म्हणाला, "बघ. सगळं पाठ हाय मला." मी म्हणाले, हो.

त्याला इतकं खूश पाहून मला खोट्याचं काहीच वाटलं नाही. थोडं वाटलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी लाईट गेली. आली तेव्हा स्विच कोरा. नावं नाहीत, चुली नाहीत, कालचं सगळं पुसलेलं.

"असं कसं? अप्लाय केलंस न्हवं?"

केलं होतं. पण पानावर वरच्या कोपऱ्यात सेव्ह असं लाल अक्षरात लुकलुकत होतं, काल दुपारपासून. मला वाटलं जाहिरातीसारखं काहीतरी, तसं त्याला सांगितलं. जुना आपोआप ठेवून घ्यायचा, हा सांगितल्याशिवाय ठेवत नाही, लाईट असेपर्यंतच त्याला आठवतं.

"वर कुठं? त्या पानावर वर काय नसतं." मग, "सुजाता, काल तू कुठलं पान बघत होतीस?"

सांगितलं सगळं. मग इतक्या हळू म्हणाला, "मंग म्या कशाला बोलत होतो?" आणि दोन्ही हात कॉटच्या कडेला टेकून उठायला लागला.

मी ओरडले. गल्लीला ऐकू गेलं असेल, जाऊ दे. दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरून खाली दाबलं. म्हणाले, "पान चुकलं तर चुकलं. डोळा गेला तर मी काय करू? तुम्ही मला परत कधी बघणारच नाही का?" हे मी इतक्या दिवसांत एकदाही बोलले नव्हते. त्याच्या पाठीवर डोकं ठेवून रडले. पाठ हलत होती. हसण्यानं नव्हे.

मग चुंबळीतून आवाज आला. "वाच. वरपास्नं. येक अक्षर सोडू नको."

पानामागून पान वाचलं. कुठं काय, कुठला रंग, कशाखाली काय. तो मधेच विचारायचा, मग ठरवायचा. सगळं पुन्हा बसवलं. आणि सेव्ह.

६ डिसेंबर, शनिवार

महापरिनिर्वाण दिन. पांढरी साडी. (मि.ला: "आज दिसत न्हाईस." "आज चालवून घ्या.") सकाळी विहारात वंदना करून घरी आले. मुंबईला गेलेले गेले, बाकीचे विहारातल्या पडद्यावर चैत्यभूमी बघायला जमलेले. आणि नेमकं तेव्हाच गावाचं नेट बसलं. तात्या, म्हणजे मि.चे चुलते, विहाराचं तेच बघतात, ते धापा टाकत आले. "पोरी, समदं बंद पडलं गं!"

पान उघडेना.

"स्विचवरचे दिवे कसे हालतायत?" मि.

"सगळे एकदम. येड्यासारखे."

"मंग कुणीतरी येकाच तारेची दोन्ही टोकं येकाच डब्यात घातली. तेच ते फिरतंय आत. येक येक तार काढून बघ."

विहाराची काढली आणि बाकीचे शांत झाले. तात्यांना विचारलं, तिथल्या छोट्या डब्याला हात लावला का. "लोंबत होती येक तार. लोकांच्या पायात येईल म्हणून नीट खोचली." किती व्यवस्थित माणूस. ते जाऊन उपसून आले, मी विहाराची परत खोचली. मग मी पान वाचलं, मि.नं सांगितलं ते चालू केलं. आता असं कोणी केलं तर तेवढाच पोर्ट आपोआप बंद होईल. सेव्ह. परत सेव्ह.

मग लॅपटॉपवर चैत्यभूमी लावून कॉटखाली ठेवला, त्याला ऐकू यावं म्हणून. त्यानं पडल्या पडल्या खाली लोंबते हात जोडले. मी त्या हातांजवळ बसून राहिले.

९ डिसेंबर, मंगळवार

सोलापूर. पडदा जागेवर आहे! डॉक्टरांनी दोनदा बघितलं. आता मान खाली घालून बसायची परवानगी, कुशीवर झोपायची परवानगी. नजर किती येईल विचारलं. "गॅस उतरू द्या. मग बघू." दवाखान्यातच मिठी मारणार होते. लोक होते म्हणून पिशवी मारली मिठीत.

१२ डिसेंबर, शुक्रवार

शाळेच्या बाईंचा फोन, कॅमेरे दिसत नाहीत. पान उघडलं, शाळेचा पोर्ट चुकीच्या चुलीवर गेलेला. नीट केला, सेव्ह केला, बाईंना कळवलं. हे सगळं करून झाल्यावर लक्षात आलं की मि.ला विचारलंच नाही. तो समोर मान खाली घालून बसलेला.

मग मेडिकलवाल्या काकांचा फोन. स्पीकरवर होता. मि.नं उचलला तर, "वहिनी हायत का? त्यांनाच द्या." त्यानं दिला.

संध्याकाळी म्हणाला, "शिकलीस की." त्या 'की'त काय काय होतं. मला राग आला. वाईटही वाटलं, राग जास्त. स्पष्टच बोलले. "मी हे शिकले ते तुम्ही उठू नये म्हणून. मला तुमच्या जागी बसायचं नाहीये. शेजारी बसायचंय. आणि ही नजर आली, नाही आली, तरी शेजारीच बसणार आहे, कळलं?"

म्हणाला, "चहा टाक. आन् ते पान वाच." कॅमेऱ्यांचं सगळं त्याला परत वाचून दाखवलं. माझी एक चूक काढली त्यानं. चूक खरीच होती. कसलं बरं वाटलं मला.

१८ डिसेंबर, गुरुवार

"वरच्या बाजूनं उजेड उतरतोय," म्हणाला. खाली बुडबुडा, वर फिकट पट्टी. मान हलली की त्यातली रेघ गवंड्याच्या लेव्हल पट्टीतल्यासारखी डुलते.

"त्या उजेडात काय आहे?"

"तू. का कपाट."

मी होते. कपाट म्हणाले, चिडवायला. नंतर न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं. कपाटाएवढी तरी दिसले. पण आता गॅस अर्धा गेलाय, एवढंच दिसायला हवं का? विचारायचं कुणाला.

२२ डिसेंबर, सोमवार

बुडबुडा तळाशी मण्याएवढा उरलाय म्हणतो. उद्या सोलापूर. डॉक्टर उद्या काय ते सांगणार.

दुपारी म्हणाला, "आण तो लॅपटॉप." टेबलावर ठेवला. कित्येक दिवसांनी सरळ मानेनं बसलेला. बोलायला लागला. "डावीकडं यादी. वर स्विचचं चित्र. पयला शाळा, दुसरा मेडिकल, सगळे हिरवे." मला आनंदानं काही सुचेना. आणि मग आठवलं. हे सगळं मी त्याला रोज वाचून दाखवलेलं. अक्षर न् अक्षर त्याला पाठ आहे.

"दिसतंय का आठवतंय?"

"दिसतंय की."

माझ्या 'हं, सापडलं'सारखंच वाटलं मला ते. मी बाहेरच्या खोलीत स्विचपाशी जाऊन उभी राहिले. आतून आवाज आला. "ओढ एखादी तार. कुठली ते सांगू नगं. हिरवा कुठला विझला ते म्या सांगतो."

म्हणजे त्याला कळलं होतं. विहाराची ओढली असती तर न बघताच ओळखलं असतं, दुपारी तिथं कोणी नसतं, म्हणून मी तीच ओढणार हे त्याला माहीत. मेडिकलवाल्या काकांची मनातल्या मनात माफी मागितली आणि त्यांची ओढली.

मी तार धरून उभी.

मग, "दोन... का तीन? कडा हालतायत."

दोन होती. परत खोचली, आत आले.

"कुठली व्हती?"

"दोन."

"मंग अर्धं बरोबर," तो म्हणाला. अर्धं म्हणजे नजर येतेय की एवढीच राहणार, ते त्यालाही कळलं नव्हतं. हसत होता आणि घाबरलेला होता. मीही तशीच. शेजारी बसले. त्यानं डोळे मिटून डोकं माझ्या खांद्यावर टाकलं, पहिल्यांदाच बाजूनं, सरळ.

सकाळची पहिली एसटी धरायची आहे. पोळ्या आत्ताच करून ठेवते.