पुढची गरारी आणि मागची सीट

चि. नचिकेत,

अनेक आशीर्वाद. पुण्यात तुझी तब्येत ठीक असेल आणि जेवण वेळेवर होत असेल, असं धरून चालतो. आमची खुशाली विचारू नकोस, कारण आमच्या या अवस्थेला तूच जबाबदार आहेस. (फोनवर सांगितलं की तू हसतोस, म्हणून पत्र.)

दिवाळीनंतरच्या रविवारी मी आणि तुझी शारदामावशी नेहमीप्रमाणे मोटरसायकलवर सांवेरला तुझ्या आईकडे निघालो होतो. वाटेत सोयाबीनची पोती भरलेला एक ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला. तेही मी सोडून दिलं असतं, पण तुझी मावशी मागे बसून हसली! अरे, आमचे पणजोबा संस्थानच्या रिसाल्यात घोडेस्वार होते. त्यांच्या पणतूनं ट्रॅक्टरचा धूर खायचा? म्हणून गाड्यांच्या कारखान्यातला इंजिनीअर भाचा म्हणून तुला फोन केला. तू म्हणालास, टॉप स्पीड इंजिनच्या ताकदीवर आणि गिअरिंगवर असतो, चेनची पुढची गरारी, म्हणजे ते दातेरी चाक, बदलून बघा. मग तू 'पण काका' असं काहीतरी सुरू केलंस, तेव्हा मी फोन ठेवला. ('पण'नं सुरू होणारी वाक्यं मी बँकेत तीस वर्षं ऐकली आहेत.)

पोलोग्राउंडच्या भूषण मेकॅनिकनं विचारलं, गरारी मोठी की छोटी? छोटं चाक भरभर फिरतं हे शाळेतलं पोरही सांगेल. चौदा दात्यांची काढून बारा दात्यांची बसवायला लावली. "काकाजी, पिकअप तो जबरदस्त येऊन जाईल, पण टॉप..." एवढं तो म्हणाला. त्याचाही 'पण' मी तिथेच थांबवला. वर सायलेन्सर पोकळ करून घेतला आणि एअर फिल्टर उघडा ठेवला. पुढच्या रविवारी सांवेरला निघताना गाडी सुरू केली तर आमच्या अन्नपूर्णा भागातली सगळी गल्ली गॅलरीत आली. "मी बसनं जाते. तुम्ही या आपली तोफ घेऊन," एवढं बोलून मावशी निघूनही गेली.

सांवेर रोडवर काटा शंभरावर होता. मी स्वतः पाहिला! इंजिन किंचाळत होतं, माझे दात वाजत होते, आणि शेजारून आरामात बस पुढे गेली. खिडकीत तुझी मावशी पेरू खात होती. तिनं मला हात केला.

आता भूषण सांगतो की पुढची गरारी छोटी केली की गाडी उठते झटक्यात, पण टॉप स्पीड घटतो. सेटिंग न करता सायलेन्सर आणि फिल्टर उघडले, तर आवाजच वाढतो. आणि या गाडीचा काटा चाकाला विचारतच नाही, गिअरबॉक्सला विचारतो; पुढे गरारी बदलल्याचं त्याला कळतच नाही. म्हणजे तो शंभर माझा नव्हताच! शंभर दाखवून पंच्याऐंशीनं नेणारा काटा तुम्ही लोक गाडीला लावताच कशाला? याचं लेखी उत्तर पाहिजे.

तुझा (अजून संतापलेला) काका,
लक्ष्मीकांत

ता. क. चौदा दात्यांची गरारी परत बसवली. सायलेन्सर आणि फिल्टरही पहिल्यासारखे करून घेतले.

आणखी एक. मावशीला बसची खिडकी फार आवडली आहे. चार रविवार झाले, मी एकटाच जातो. खांद्यावर तिचा हात नसला की गाडी हलकी असते, तरी पळवावीशी वाटत नाही. तू तिला फोन कर. माझं नाव न घेता सांग की काका आता पन्नासच्या वर जात नाहीत. ट्रॅक्टर पुढे गेला तर जाऊ दे. तिला हसायचं असेल तर खुशाल हसावं, फक्त माझ्या मागे बसून.