फोटोपुरता धूर

टानेनरोडे, हार्त्स
४ फेब्रुवारी २००४

चि. लोथारास,
अ. आ. वि. वि.

शाळेत कविता म्हणताना खिडकीबाहेरून घाट चढणाऱ्या इंजिनाचा आवाज यायचा, आठवतो? चार ठोके, पुन्हा चार ठोके. बाई छडीने ओळ दाखवायच्या, पण आपण चाल धरायचो ती इंजिनाची. ती कविता अजून माझ्या ओठांवर आहे ती त्यामुळेच.

आज बेकरीत कळलं, त्या सहली काढणाऱ्या फॉसबाईंनी फोटोवाल्यांसाठी अख्खी गाडी भाड्याने घेतली आहे आणि ड्रायव्हर तू. अभिनंदन. एकोणीस वर्षं माझ्या हाताखाली कोळसा टाकलास, आता ड्रायव्हरच्या उजव्या खिडकीत बसून फोटो काढून घे. या फेऱ्या झाल्या की बॉयलरच्या परवान्याची मुदत संपते. मग आपलं इंजिन दुरुस्तीची वाट बघत वर्षानुवर्षं शेडमध्ये गार पडून राहणार, आणि मी त्र्याहत्तरचा. पुन्हा पेटेल तेव्हा मी कुठे असेन? मला कुणी विचारलंसुद्धा नाही. त्याचं मुळीच वाईट वाटत नाही. ऐकतो की त्यांना फोटोत काळा धूर हवा. काढ बाबा. धुराडं स्वच्छ ठेवायला मीच शिकवलं होतं, तेवढं विसरून जा.

ट्राउडेलला आठवण सांग. तुझ्यावरचा लोभ आहे, जरा कमी झालाय.

तुझा दादा,
एगोन

नोर्डहाउझेन
७ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. ट्राउडेलने ते वाचून विचारलं, भावोजींनी शाईत व्हिनेगर घातलंय का.

तुला कुणी विचारलं नाही म्हणतोस. फॉसबाई तर आधी तुझ्याकडेच आल्या होत्या. तू त्यांना केक वाढलास, दोन कविता ऐकवल्यास आणि सुनावलंस की काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेला कोळसा, भट्टी सांभाळणाऱ्याची लाज. असल्या गाडीवर पाय ठेवणार नाही, असंही म्हणालास. मग त्या माझ्याकडे आल्या.

दादा, दुसरा नंबर मला नवा नाही. अजूनही लोक मला ‘एगोनचा फायरमन’ म्हणतात. तुझा हेवा मीही केलाय, न बोलता, भट्टीकडे तोंड करून. एकदा ती खिडकी माझी व्हावी एवढी हाव मला आहे.

डॉक्टरांनी तुला यंदाही पास केलंय, ड्रायव्हरांच्या यादीत तुझं नाव आहे. चौदाला फेऱ्या सुरू होतात, बघायला ये तरी.

रागासकट तुझाच,
लोथार

टानेनरोडे
रविवार, १५ फेब्रुवारी

चि. लोथारास,
अ. आ.

काल आलो होतो. चाळीस फोटोवाल्यांच्या मागे, गळपट्टा नाकापर्यंत ओढून. सहा वेळा गाडी मागे नेलीस, सहा वेळा धूर ओकत पुढे आणलीस. शेजारचा एक जण म्हणाला, काय ड्रायव्हर आहे! मी म्हटलं, बरा आहे.

खरं सांगतो. धुराची लाज वगैरे काही वाटली नाही. त्या खिडकीत मी नाही, एवढंच खुपत होतं. फॉसबाईंना नाही म्हणालो तेव्हा वाटलं होतं, त्या पुन्हा येतील, जरा आर्जवं करतील. त्या आल्या नाहीत. तू इतका छान चालवलीस की मला तुझं कौतुक करता येईना, आणि रात्रभर त्याचीच लाज वाटत राहिली.

आज शेवटचा दिवस. पडदे ओढून बसलोय. तुझी गाडी वळणाशी आलेली ऐकू येते.

थांबली. का? माझ्या घराखाली कुठला थांबा आहे? फोटोची जागा तर पुलापलीकडे. बॉयलरला काही झालं की काय?

पडदा सारून बघितलं. फोटोवाले खिडक्यांतून माना काढून ओरडताहेत. तुझा फायरमन डब्यात बसून पाव खातोय. इंजिनात कुणीच नाही. बर्फ तुडवत कुणीतरी माझ्या बागेतून वर येतंय. फॉसबाई असतील, तक्रार घेऊन.

फॉसबाई नाहीत. काळ्याकुट्ट तोंडाने दारात तू उभा आहेस, धापा टाकतोयस, हातात फावडं. म्हणतोयस, “दादा, लिहिणं पुरे. फावडं मी घेतलंय, खिडकी रिकामी आहे.”