शेल की वेब: माझा निःपक्षपाती अहवाल

३ मार्च, सोमवार
मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. टीम लीडची जागा रिकामी झालीय. सर्व्हर सांभाळायला पुढे कुठलं ओपन-सोर्स टूल घ्यायचं, शेलमध्ये कमांड टाइप करून चालणारं की ब्राउझरमध्ये उघडणारं, याची तुलना एकवीस तारखेला सगळ्या टीमसमोर मांडायची. मांडणार दोघं: एक मी, एक बटणराव. जो नीट मांडेल त्याचा लीडसाठी विचार होईल, असं स्पष्ट म्हणाल्या.
बटणराव म्हणजे शेजारच्या टेबलावरचा सहकारी. माणूस वाईट नाही, पण माऊसशिवाय त्याचं पान हलत नाही. हे नाव मीच ठेवलंय, त्याला अजून माहीत नाही.
संकल्प: तुलना पूर्णपणे निःपक्षपाती करायची. जिंकणार शेलच, पण निःपक्षपातीपणे.

४ मार्च
बायकोला विषय समजावला. ती दातांची डॉक्टर आहे, त्यामुळे मुळापासून सुरुवात केली. शेल म्हणजे काळा पडदा. आपण हुकूम टाइप करायचा, मशीन निमूट ऐकतं. ती म्हणाली, तरीच तुला आवडतं, घरात कुणी ऐकत नाही ना. वेब इंटरफेसमध्ये तेच हुकूम बटणांवर असतात आणि काही पुसायचं म्हटलं की ते आधी विचारतं, नक्की ना? हा अनुभवी माणसाचा अपमान आहे, असं मी म्हटलं. यावर ती म्हणाली, दाढ काढण्याआधी मीसुद्धा विचारते बाबा, कुठली ते.
तिचं क्षेत्र वेगळं आहे.

६ मार्च
कामाला जोरात सुरुवात. तुलना करायची तर आधी आपलं शेल धड हवं. बॅश नावाचं शेल मशीनवर आधीपासूनच होतं, म्हणून बाद. झेडशेल टाकलं. उत्तम. मग फिश टाकलं. अर्धी कमांड लिहिली की उरलेली तेच सुचवतं. तेही उत्तम. दोन्ही ठेवलीत. सध्या नेमकं कुठलं चालू आहे ते कळत नाही, उद्या बघतो.
अहवाल: शीर्षक झालं.

१० मार्च
बटणरावाचं वेब टूल पहिल्याच दिवशी चालू झालं म्हणे. पहिल्याच दिवशी चालू होणाऱ्या गोष्टीत काय दम असणार! सध्या तो टेस्टिंगवाल्यांकडे खुर्ची ओढून बसतो आणि विचारतो, तुमचं रोज कुठे अडतं? मला हा प्रकार पटत नाही. लोकांचं भलं त्यांना न विचारताही करता येतं.
आज थीम बसवली. कमांडच्या ओळीच्या सुरुवातीला जे दिसतं तो प्रॉम्प्ट, तो आता तीन रंगांत. त्यातले बाण चौकोनी दिसायला लागले, म्हणून नवा फॉन्ट. फॉन्ट जुन्या टर्मिनलला, म्हणजे शेल ज्या खिडकीत उघडतं तिला, झेपेना, म्हणून नवा टर्मिनल. दिवस सत्कारणी लागला.

१३ मार्च
सासऱ्यांचा फोन. बायकोने त्यांना सांगून टाकलंय की जावई लीड होणार. अभिनंदन म्हणाले. मग विचारलं, हाताखाली माणसं किती? म्हटलं, अजून ठरायचंय. ते म्हणाले, मागच्या वेळीही ठरायचंच होतं, नाही का?
फोन ठेवून ही वही उघडली. इथे कोण वाचतंय, म्हणून लिहितो: मला हे पद हवंय. फार हवंय. माझ्या मागून आलेली माणसं पुढे गेली आणि दर वेळी मी हसतमुखाने टाळ्या वाजवल्या. आता टाळ्या ऐकायच्या आहेत.
उद्यापासून अहवाल एके अहवाल.

१५ मार्च, शनिवार
प्रॉम्प्टमध्ये घड्याळ, हवामान आणि चंद्राची कला आली. खिडकी शेजारीच आहे, पण तिच्यात तापमान आकड्यांत दिसत नाही. ओळ फार लांब झाली, म्हणून मशीनचं नाव काढून टाकलं. आपण कुठल्या मशीनवर बसलोय हे काय रोज वाचायचं असतं? हीच सजावट टीमच्या टेस्ट सर्व्हरवरही केली, तिथे गेल्यावर परकं वाटायला नको.
न्याय म्हणून बटणरावाचं वेब टूलही उघडून पाहिलं. चटकन कळतं. हा मुद्दा तोट्यांमध्ये घातला.

१९ मार्च
मॅडम जिन्यात भेटल्या. तयारी कुठवर? म्हटलं, शेवटचा हात फिरवतोय. पहिला कधी फिरवला, असं त्यांनी विचारलं नाही.
अहवालाची पानं दोन. त्यातलं एक शीर्षकाचं.
संकल्प: कागद नकोच. सगळ्यांसमोर प्रत्यक्ष करून दाखवायचं. बायको म्हणाली, घरी एकदा करून बघ की. म्हटलं, तालीम नवशिक्यांना लागते.

२१ मार्च, संध्याकाळी
आधी मी. टेस्ट सर्व्हरवर शिरून दोन-चार करामती दाखवल्या. मागून कुणीतरी वा म्हणालं. खरंच म्हणालं. मला चेव चढला. म्हटलं, आता माझ्या लॅपटॉपवर एक गंमत दाखवतो, अख्खा फोल्डर एका ओळीत साफ. पडद्यावर दोन खिडक्या उघड्या होत्या, एक लॅपटॉपची, एक टेस्ट सर्व्हरची. दोन्हींत तेच रंग, तेच तापमान, तोच चंद्र. एका खिडकीत कमांड लिहिली आणि एंटर दाबलं. शेलने एका शब्दाने विचारलं नाही.
टेस्टिंगवाली बाई म्हणाली, अगं बाई, माझं सगळं कुठे गेलं? मग तिच्या शेजारचा म्हणाला. मग सगळेच. लॅपटॉप जसाच्या तसा होता. टीमने महिनाभर खपून भरलेला डेटा मी टीमच्याच डोळ्यांदेखत पुसला होता.
बटणराव जागेवरून उठलासुद्धा नाही. त्याच्या वेब टूलने कालचा बॅकअप घेऊन ठेवला होता. परत आणायच्या बटणावर माऊस नेऊन त्याने मला विचारलं, आणू ना? मी मान हलवली. चहा होईपर्यंत सगळं परत आलं.
कुणी ओरडलं नाही. टेस्टिंगवाल्या बाईने तर पाण्याचा ग्लास आणून दिला. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

२२ मार्च
शांत डोक्याने विचार केला. शेलचा वेग सिद्ध झाला, हे कुणी नाकारू शकत नाही. अहवालात हा मुद्दा घातला. आता पानं तीन.
बायकोने दिवसभरात एकदाही चिडवलं नाही. सासऱ्यांशी मीच बोलते म्हणाली. तिचं हे गोड बोलणं ऐकून जास्तच धास्ती वाटली.

२४ मार्च, सोमवार
बटणराव लीड झाला. पहिली टाळी माझी. तो हात हातात घेऊन म्हणाला, सगळ्यांना वेब टूल पटलं ते तुमच्यामुळे, मला इतकं नीट सांगता आलं नसतं. टोमणा असता तर बरं झालं असतं. पण तो मनापासून बोलत होता.
सर्व्हरवर थेट जायची माझी परवानगी मॅडमनी काढून घेतली. आता ब्राउझरमध्ये एक पान आहे. त्यावर कारण लिहायचं, बटण दाबायचं, मग लीड मंजुरी देणार. दुपारी मी कारण लिहिलं, माझं काम करायचं आहे. बटण दाबलं. शेजारच्या टेबलावर टुंग वाजलं.
बटणराव खुर्चीसकट माझ्याकडे सरकला आणि अगदी आपुलकीने म्हणाला, देतो लगेच मंजुरी, फक्त कुठलं काम तेवढं लिहायचं राहिलंय बघा.
मी कीबोर्डवर हात ठेवून बसलो. या तीन आठवड्यांत माझं काम काय होतं, ते काही केल्या आठवेना.