पेडलवर मंदाचा पाय

रवि. २ फेब्रु., बेटेगाव

डाव्या चाकाच्या कॅलिपरचा, म्हणजे ब्रेकच्या पकडीचा, बोल्ट आजही सुटला नाही. खारी हवा, सहा वर्षांचा गंज. डिझेल सोडलं, ठोकलं, पान्याच्या दांड्यावर हातभर लोखंडी पाइप चढवला. पाना सटकला, बोटांची सालं गेली. हातोडी भिंतीवर फेकली, प्लॅस्टरचा पोपडा पडला. शेजारचे बघत होते. बघू देत.

गाडीच्या इंजिनाची ताकद मागच्या वर्षी वाढवून घेतली, पुढचे ब्रेक मात्र जुनेच राहिले. महिन्यापूर्वी चिल्हार रोडला उतारावर तिसऱ्यांदा दाबला तर पेडल थेट तळाला. पुढे टँकर. दुभाजकाला घासत नेली म्हणून आज लिहितोय. आता मोठ्या डिस्क, चार पिस्टनचे कॅलिपर, नवे पाइप. सामान खाटेखाली. सुजाता असती तर ठेवू दिलं नसतं. दोन वर्षं माहेरी आहे ती. एकच थप्पड मारली, असं मी सगळ्यांना सांगतो. तीन होत्या.

बुध. ५ फेब्रु.

फर्स्ट शिफ्ट करून आलो तर मंदा पायरीवर. धाकटी बहीण, वैतरण्याला दिलेली. हातात एक पिशवी. डावा डोळा सुजून बंद, ओठ फाटलेला.

"पडलीस?"

"पाडली."

नवऱ्याने, प्रकाशने, कुकरच्या झाकणाने मारलं. बोईसरला पॅकिंगचं काम धरलं ते त्याला न विचारता, म्हणून.

मुरब्याला आईला फोन केला. वाळत घातलेली मासळी आवरत होती. "आठ दिस राव दे. मग तूच नेऊन सोड. तुजा बापूस काय कमी मारी? मी गेली कुटं?"

फोन भिंतीवर आपटला. काच गेली. मंदा एक पाऊल मागे सरकली. ते मी पाहिलं.

शनि. ८ फेब्रु.

बोल्ट सुटला! मं. पाइपवर दोन्ही पायांनी उभी राहिली आणि उड्या मारल्या. दर उडीला प्रकाशचं नाव, पुढे शिवी. तिसऱ्या उडीला कडाक. वाटलं तुटला. सुटला होता. दोघं पोट धरून हसलो. नवी डिस्क जुनीशेजारी ठेवून बघितली. ती ताटली, ही परात.

रवि. ९ फेब्रु.

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर लागेल तसं लागेल.

दुपारी दोन्ही कॅलिपर बसले. ब्रेकच्या लाइनमधली हवा काढायची राहिली होती, त्याला दोन माणसं लागतात. मं. स्टिअरिंगमागे, मी चाक काढलेल्या जागी जमिनीवर.

"दाब."

"दाबलं."

"धर." मी नट थोडा सैल करतो, बुडबुड्यांसकट ऑइल नळीतून बाटलीत येतं. नट बंद. "सोड."

उजवी बाजू झाली. उजवीकडे गाडीखाली स्टँड होता, डावीकडे नुसता जॅक. दुसरा स्टँड आणायचा कंटाळा केला. चूक माझी.

डावीकडे नट सैल असतानाच मं. किंचाळली. वर बघतो तर प्रकाशने वेणीला धरून तिला सीटवरून बाहेर ओढलेलं. त्याची मोटरसायकल गेटात, चालूच. ती सिमेंटवर आपटली. पोटात लाथ. परत लाथ. "काम पायजे तुला? घे काम!"

मी पाइप उचलला. पहिला गुडघ्यावर. खाली बसला. दुसरा खांद्यावर. तो काहीतरी बोलत होता, मला ऐकू येत नव्हतं. कॉलरला धरून फरफटत डावीकडे आणला, त्याचा हात डिस्कखाली घातला, कोपरावर गुडघा रोवला. जॅकचा दांडा धरला. तो फिरवला की गाडी खाली येते.

"दिनेशदादा, नको. पाया पडतो."

फिरवला. अर्धा फेरा. डिस्कची कड त्याच्या मनगटावर आली. असा आवाज मी माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. मी थांबणार नव्हतो. हे इथेच लिहितो.

तेवढ्यात माझ्या हातावर चाकाचा पाना आला. मं.ने दोन्ही हातांनी घातला. दोन बोटं मोडली. मग तिनेच जॅक मारून गाडी वर उचलली. वाकलेली, एक हात पोटावर.

"आपला बाबा हायस तू. अख्खा बाबा."

प्रकाशला शेजाऱ्यांनी रिक्षात घातलं.

मंगळ. ११ फेब्रु.

प्रकाशचं मनगट मोडलं, प्लेट टाकणार. माझी बोटं प्लॅस्टरमध्ये. मं.च्या लघवीतून रक्त जात होतं, आज थांबलं. डॉक्टरने विचारलं कशानं लागलं, तर ती चिठ्ठी घेऊन उठली.

हॉस्पिटलात हवालदार आला तेव्हा प्रकाश म्हणाला, मोटरसायकलवरून पडलो. मग मं.ला फोन. "सोमवारपर्यंत घरी ये. नायतर खरं सांगतो, तुजा भाऊ आत जातो."

मी म्हटलं, "तू जाऊ नको. मी जातो आत."

"तुला आवडंलच तो मोटेपना."

तिने रात्रीचं जेवण केलं नाही. मीही नाही.

शनि. १५ फेब्रु.

ब्रेक पुरे झाले. या खेपेला पेडलवर मी, नटाशी मं. "दाब. धर. सोड." माझ्याहून मोठ्याने. मी जरा लवकर सोडलं की पाना फरशीवर आपटायची.

सकाळीच चिल्हार रोड. नवे पॅड डिस्कवर बसायला ऐंशीवरून वीसवर आणायची, परत ऐंशी. दहा वेळा. जळका वास सुटला. शेवटचा पूर्ण दाबला. पट्टा छातीत रुतला, मं.चं डोकं पुढे जाऊन मागे आदळलं. गाडी जागच्या जागी.

तिने पोट धरलं. "परत."

"दुखतंय ना?"

"परत मार."

मारला. ती ओक्साबोक्शी रडायला लागली. गाडी बाजूला घेतली. डोळे पुसून म्हणाली, "वयनीला किती मारलेलं?"

"तीन."



सोम. १७ फेब्रु.

उठलो तर मं. नाही. पिशवी खुंटीला. फोन बंद.

साडेनऊला पोलीस ठाण्यातून हवालदाराचा फोन. "अकराला या. तुमची बहीण जबाब द्यायला येऊन बसली आहे."

"कोणाविरुद्ध?"

"आल्यावर कळेल."

म्हणजे वैतरण्याला गेली नाही, एवढं खरं. पण तिथे बसून ती कोणाकोणाचं नाव...

मी काय सांगायचं ते ठरलंय. जॅक मी फिरवला, मुद्दाम फिरवला. तिने पाना घातला नसता तर पुढेही. विचारलं तर सुजाताचंही सांगेन. न विचारता सांगेन का, ते माहीत नाही.

दहा वीस झाले. निघतो.